रोहिदासची चार मिनिटं

रोहिदास, तुला अग्नी द्यायला अख्खी कंपनी चार मिनिटं उशिरा आली, आणि याला जबाबदार तूच आहेस.

तुझे थोरले चुलते घाई करत होते. "किती ताटकळत ठेवायचं पोराला? उरका आता."

मी म्हणालो, "तात्या, चार मिनिटं थांबा. बसा येतायत."

"चारच कशी? मोजून आणली काय?"

आता भर स्मशानात त्यांना काय सांगू, की तात्या, तुमच्या पुतण्यानंच मोजून ठेवली आहेत? बसा सुटल्या होत्या कंपनीच्या घड्याळावर, आणि कंपनीचं घड्याळ होतं तुझ्या मुठीत. बरोब्बर चार मिनिटांनी ओढ्याच्या वळणावर दोन बसा दिसल्या. त्यांच्यातून इतकी माणसं उतरली की मला वाटलं, मागोमाग असेंब्ली लाइनसुद्धा नटबोल्ट सोडवून आणतात की काय. आपल्या कंपनीत जेवढी माणसं आहेत त्याच्या दुप्पट मी स्वतः मोजली. बाकीची कोण होती ते तूच जाणे.

त्या गर्दीतून लाइनवरच्या सुरेखाताई माझ्याकडे आल्या. लातूरकडच्या, मोशीत राहतात, रोज कंपनीच्या बसनं येतात. डोळे पुसले, नाक ओढलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "गेले बगा आमचे भाऊ. सर, आता घड्याळाचं कसं करायचं?"

"कसलं घड्याळ?"

"ते चार मिनिटाचं हो. तुमी सरळ करून टाकनार की काय आता?"

माझ्या पायाखालची राख सरकली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतंय? सगळ्या लाइनला म्हाईत हाय. पर बोलतंय कोन? बोललं की जातंय."

घ्या! जे गुपित आपण दोघांनी इतकी वर्षं जिवापाड जपलं, घरी बायकोला सांगितलं नाही, दारू पिऊन बरळलो नाही, ते चारशे माणसं आपल्यापेक्षा चांगलं जपत होती. आणि तू खुशाल आडवा पडून होतास, चेहऱ्यावर तोच भाव: मी न्हाई त्यातला.

आता हे वाचणाऱ्या चार लोकांना आपला धंदा समजावून सांगतो. तू मध्ये तोंड घालू नकोस. आज पहिल्यांदा मला पूर्ण वाक्य बोलायला मिळतंय.

मंडळी, मी आणि रोहिदास चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचो. कंपनीत दिसतात ती यंत्रं आणि माणसं. पण त्यांना एकमेकांशी बोलायचं तर मागं काही सेवा अखंड चालू लागतात. त्या चालवणं हे आमचं काम. चालू असताना कुणी विचारत नाही, बंद पडल्या की सगळे विचारतात. प्रत्येक कंपनीत अशा सर्व्हरना काहीतरी रटाळ इंग्रजी नावं असतात. रोहिदासनं आमच्या सर्व्हरना नातेवाइकांची नावं ठेवली. नेटवर्कवरच्या कुठल्याही यंत्राचं नाव सांगितलं की त्याचा पत्ता सांगणारी जी सेवा असते, ती 'आत्या'. का, तर गावात कुणाचंही घर विचारायचं झालं तर आत्यालाच विचारतात. नवीन यंत्र आलं की त्याला ठरावीक मुदतीसाठी पत्ता वाटून देणारा तो 'सरपंच'. मुदत संपली की पत्ता काढूनही घेतो, म्हणून सरपंच. आणि सगळ्या कंपनीला वेळ सांगणारा 'भोंगा'.

या नावांपायी काय काय झालं, राव! एकदा आत्या बंद पडली आणि तू कॅन्टीनमधून फोनवर बोंबललास, "आत्या पडली! कवापासनं उठवतोय, उठंना!" शेजारच्या टेबलावर एचआरच्या देशमुख मॅडम बसल्या होत्या. बाई कडक असली तरी काळजाची. त्यांनी तुला न विचारता कंपनीची ॲम्ब्युलन्स थेट तुझ्या गावी पाठवली. तिथं तुझी खरी आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. दोघा जणांनी तिला खुर्चीसकट उचललं. ती म्हणाली, "मला काय झालंय?" ते म्हणाले, "आज्जी, बोलू नका, ताकद राखून ठेवा." म्हातारीनंही मग ताकद राखून ठेवली, आणि परत येताना त्याच ॲम्ब्युलन्समधून चाकणचा बाजार करून आली. कांदे, लसूण, दोन केरसुण्या. सायरन वाजवत.

आणि तो दसरा! आपल्याकडे खंडेनवमीला प्रत्येक कारखान्यात मशिनची पूजा होते, मग सर्व्हरनं काय घोडं मारलं, हा तुझा सवाल. रॅकला झेंडूच्या माळा घातल्यास, हळदकुंकू लावलंस, इथपर्यंत मी गप्प. मग उदबत्तीचा पुडा काढलास. मी म्हणालो, "रोहिदास, वर धुराचा सेन्सर आहे." तू म्हणालास, "आरं दिघीकर, सेन्सरला काय कळत न्हाई व्हय, धूर आगीचा का देवाचा?" सेन्सरला खरंच कळत नव्हतं. तो असा किंचाळला की अख्खी कंपनी मैदानात जाऊन उभी राहिली, प्लांट हेडसकट. तू सगळ्यांत शेवटी बाहेर आलास, हातात प्रसादाचं ताट, आणि म्हणालास, "बरं झालं, सगळे एका जागी घावले," आणि रांगेनं पेढे वाटलेस. लेखी समज मिळालेला आणि त्याच दिवशी प्लांट हेडला पेढा भरवलेला माणूस पंचक्रोशीत तू एकटा.

पण कामाला तू वाघ होतास, आणि हे तुला कुणी सांगायची गरज नव्हती. तूच सगळ्यांना सांगायचास. सर्व्हरच्या परीक्षेचं ते सर्टिफिकेट मिळाल्यावर त्याची झेरॉक्स तू खिशात ठेवायचास. बॅज लग्नात लावायचास. दुसऱ्याच्या लग्नात. तुझ्या गावच्या चौकात सध्या तुझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय, त्यातही गॉगल लावून, हातात सर्टिफिकेट धरलेला फोटो आहे, आणि खाली लिहिलंय 'सर्व्हरसम्राट'. मी तुझ्या भावाला म्हणालो, हा शब्द कुणी शोधला? तो म्हणाला, "दादानंच सांगून ठेवलं व्हतं, गावच्या सरपंचाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या टायमाला." माणूस मरणापूर्वी स्वतःच्या फ्लेक्सचा मजकूर मंजूर करून जातो, याला म्हणतात ॲडमिन.

आता मुद्द्यावर येतो. चार मिनिटं.

मला कळलं ते गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर. माझ्या मोबाइलमध्ये एक वेळ, कंपनीच्या भोंग्याला दुसरी. मी म्हणालो, "रोहिदास, आपलं घड्याळ मागं आहे."

"हाय."

"म्हणजे तुला माहितीये?"

"माहिती काय? मीच केलंय. चार मिन्टं."

चहा माझ्या नाकात गेला. तू शांतपणे बिस्कीट बुडवत होतास. बुडवलेलं बिस्कीट पडायच्या आत तोंडात घालायचं, हे एकच काम तू जगात न बोलता करायचास. ते संपल्यावर सांगितलंस. भोसरीकडून, मोशीकडून येणाऱ्या कंपनीच्या बसा चाकणच्या चौकात अडकतात. त्या चौकाचं वर्णन मी काय करू? तिथं एकदा अडकलेल्या कंटेनरच्या ड्रायव्हरचं म्हणे तिथंच लग्न ठरलं आणि सुटेपर्यंत बारसंही उरकलं. तर बस अडकते, माणसं तीन-चार मिनिटं उशिरा पोचतात, आणि पंचिंग मशीन त्यांना लेट मार्क देतं. तीन लेट मार्कला अर्ध्या दिवसाची रजा गेली. बस कंपनीची, चौक सरकारचा आणि रजा मात्र सुरेखाताईंची.

"तर म्या काय केलं," तू म्हणालास, "भोंगा भायेरनं खरी येळ घेतो. त्यातनं चार मिन्टं वजा करायची, मग सगळ्यांना वाटायची. एक वळ ल्ह्यायची फकस्त. पंचिंग मशीन, लाइन, कॅन्टीन, गेट, समदे आपल्याच टायमावर."

"पण चारच का?"

तिथं तू असा हसलास की मला तुझी अक्कलदाढ दिसली. "पाचच्या पुढं फरक गेला ना भावा, तर हेड ऑफिसचा सर्व्हर लॉगिनच घेत न्हाई. चोर समजतो. पाचापत्तुर खपवून घेतो. म्हणून चार. पाव्हण्यानं हाकलायच्या आदल्या दिवशी उठावं."

"ही चोरी आहे, रोहिदास."

"कशी? सकाळी चार मिन्टं घेतल्यात, सांच्याला चार मिन्टं उशिरा सुटतो. घेतली तितकी परत. चोर कुठं परत देतो व्हय?"

इथून आपलं भांडण सुरू झालं, ते तू अर्धवट टाकून गेलास.

माझं म्हणणं तुला ठाऊक होतं. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते. नाव कशाला घ्या, आता तिथं मॉल आहे. त्या कारखान्याचं गेटवरचं घड्याळ सकाळी पुढं धावायचं आणि संध्याकाळी रेंगाळायचं. मालकाची मर्जी. मग वडिलांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी काय केलं, तर एके दिवशी सकाळी सगळे आपापले ट्रान्झिस्टर घेऊन गेटवर उभे राहिले. दोन-चार नव्हे, मी म्हणतो दोनशे ट्रान्झिस्टर! वडील म्हणायचे वीस. ते फार साधे होते. बातम्यांच्या आधी वेळेचे ठोके पडतात ना, ते सगळ्यांत एकदम पडले, आणि मालकाच्या घड्याळाची भर रस्त्यात इज्जत गेली. त्या दिवसापासून गेटवर खरी वेळ लागली. आमच्या घरात भीमजयंतीच्या खालोखाल त्या दिवसाची गोष्ट सांगितली जायची. आमच्यासाठी खरी वेळ ही कुणी दान केलेली वस्तू नाही, भांडून मिळवलेली आहे. आणि मी त्यांचा मुलगा, खोट्या वेळेची राखण करायला बसलो!

हे मी तुला कळवळून सांगितलं. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "तुझ्या बापाला माझा सलाम हाय. पर त्यांच्या टायमाला घड्याळ मालकानं बिघडवलं व्हतं, म्हणून त्यांनी घड्याळ नीट केलं. आता चौक बिघडलाय. तू चौक नीट कर, मी घड्याळ नीट करतो. जा."

मी चहाचे पैसे दिले आणि निघून आलो. दुसऱ्या दिवशी उत्तर सुचलं, तुला येऊन सांगितलं, त्यावर तू आणखी काहीतरी बोललास. असं आपलं वर्षानुवर्षं चाललं. जेवताना, केबल ओढताना, सर्व्हर रीस्टार्ट होण्याची वाट बघताना. मी म्हणायचो, मागणी कर, मॅडमकडे जा, उघड सवलत माग. तू म्हणायचास, "मागितलं की कमिटी बसंल. कमिटी बसली की आपुन उठलो." दरम्यान तुझी चार मिनिटं कंपाउंडच्या बाहेर पसरली. टपरीवाल्यानं घड्याळ भोंग्यावर लावलं. शेजारच्या वाडीत तर एक लग्न भोंग्यावर लागलं, मुहूर्त चार मिनिटं टळला, आणि ते जोडपं आजतागायत एकदाही भांडलेलं नाही. पत्रिका बघणारे हल्ली दबकत चौकशी करतात.

आणि मग तू गेलास. न सांगता, एका साध्या दुपारी. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तो विनोद मला कळलेला नाही.

तू गेल्यावर हेड ऑफिसनं ठरवलं, चाकणच्या सगळ्या सेवा तपासायच्या. साहिल नावाचा तरुण ऑडिटर आला. वाकडला अठराव्या मजल्यावर राहतो, बोलतोही अठराव्या मजल्यावरून, पण पोरगा गुणी. आत्या तपासली, सरपंच तपासला, खूश झाला. भोंग्यापाशी आला आणि थबकला.

"सर, टाइम चार मिनिटं मागं आहे."

"हं."

"कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?" मग माझा चेहरा बघून त्याचा आवाज मऊ झाला. "सर, मी समजू शकतो. जुना सर्व्हर आहे, घड्याळ हळूहळू घसरत जातं. ज्यांच्याकडे होतं ते गेले. मी रिपोर्टमध्ये लिहितो, दुर्लक्षामुळे घड्याळ घसरलं. कुणालाच त्रास नको."

किती सोपं होतं बघ! घसरलं म्हटलं की प्रश्न मिटला. चोरी नाही, चौकशी नाही. फक्त कागदोपत्री एवढंच राहिलं असतं, की रोहिदासला साधं घड्याळ सांभाळता आलं नाही. सर्व्हरसम्राटाला! खरं सांगावं तर तू लबाड ठरतोस आणि लोकांची चार मिनिटं जातात. खोटं सांगावं तर तू कच्चा ठरतोस आणि चार मिनिटं तरीही जातात.

मी तुझ्या घरी गेलो. वहिनी अंगणात बसल्या होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी आधी डोळ्याला पदर लावला, मग तोंडाला लावला. हसत होत्या. म्हणाल्या, "भावजी, आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ दोन दिवाळ्या बंद हाय. सेल घाला म्हनलं की म्हनायचे, बघतो. आन् तिकडं समद्या कंपनीची येळ हाकत व्हते!" मग गंभीर झाल्या. "त्यांना चोर म्हनलेलं चालंल. उलट चौकात फ्लेक्स लावतील. पर 'काम येत नव्हतं' म्हनलं ना, तर ते वरनं खाली येतील बगा. मला न्हाई परत सैपाक करायचा."

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. देशमुख मॅडम, साहिल आणि मी. साहिलनं 'घसरलं' म्हणायला तोंड उघडलं आणि मी टेबलावर हात आपटला. थोडा जास्तच आपटला, मॅडमचा चहा सांडला.

"घसरलं नाही," मी म्हणालो. "घसरलेलं घड्याळ आज तीन मिनिटं मागं असतं, उद्या साडेतीन. साहिल, तुझ्याकडे सगळ्या वर्षांच्या नोंदी आहेत. बघ, कधी चारच्या इकडं-तिकडं झालंय का?"

साहिलनं लॅपटॉप उघडला. बराच वेळ बघत राहिला. चष्मा काढून पुसला, परत बघितलं. "सर," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच तळमजल्यावर आला, "एका क्षणाचाही फरक नाही. लाइट गेली, सर्व्हर बदलला, तरी चार म्हणजे चार. हे... हे फार सुंदर केलंय."

"सुंदर?" मॅडम कडाडल्या. "कंपनीची वेळ चोरली आणि सुंदर?"

मग मी सगळं सांगितलं. चौक, बस, लेट मार्क, संध्याकाळची परतफेड. तुझं वकीलपत्र घेऊन मी असा काही बोललो, की मलाच माझ्याविरुद्ध भांडावंसं वाटलं. तुझे सगळे मुद्दे मांडले, तुझ्याच शब्दांत, अगदी हाकलायच्या आदल्या दिवशी उठणाऱ्या पाहुण्यासकट. मग माझा मुद्दा मांडला: वेळ खरीच हवी, पण मग सवलतही उघड हवी.

मॅडमनी सांडलेला चहा रुमालानं टिपला. मग हळूच विचारलं, "माझं पंचिंगही याच घड्याळावर?"

"हो."

"मी पण त्याच चौकातून येते."

साहिल प्रामाणिक. लगेच शोधायला लागला. "मॅडम, खऱ्या वेळेनं बघितलं तर तुमचे लेट मार्क..."

"लॅपटॉप मिटा," मॅडम म्हणाल्या.

साहिलनं मिटला. मग मी म्हणालो, "मॅडम, बसनं येणाऱ्यांना रोज चार मिनिटांची सवलत. नियमात लिहून."

"दोन."

"मॅडम, कोथिंबीर आहे का ही? चार."

"तीन. आणि बस कंत्राटदाराला मी बघते. रोहिदासच्या नावावर काही येणार नाही. विषय संपला." उठता उठता दारात थांबल्या. "मला वाटायचं, हल्ली मी वेळेवर पोचायला लागले," असं म्हणाल्या आणि पदर सावरत गेल्या. त्या पदरामागं काय होतं ते मी बघितलं नाही. तूही बघू नकोस.

घड्याळ सरळ करायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. इतकी वर्षं ज्यासाठी भांडलो ते हातात आलं, आणि हात चालेना. एका झटक्यात चार मिनिटं पुढं नेता आली असती. पण मग ती चार मिनिटं कंपनीत घडलीच नसती. कुणाच्या तरी जेवणाच्या सुट्टीतून गुल. म्हणून दुसरा रस्ता घेतला. वजाबाकीची तुझी ओळ काढली आणि भोंग्याला सांगितलं, जरा भरभर चाल. माणसाला कळणार नाही इतकंच. रोज थोडं थोडं खऱ्या वेळेला गाठ.

आठवडाभर मी रोज दुपारी जाऊन फरक बघायचो. चाराचे तीन-सव्वातीन झाले. मग अडीच. मग दोनाच्या आत. मी कुणाला बोललो नाही, पण मला ते घड्याळ पुढं येताना दिसत नव्हतं. तू जाताना दिसत होतास. स्मशानात एकदम गेलास तेव्हा मला काही समजलं नव्हतं. इथं मात्र मोजून, सेकंदा-सेकंदानं तुला पोचवायला मीच बसलो होतो. एका मिनिटाच्या आत आलं तेव्हा मनात आलं, इथंच थांबवावं. एक मिनिट राहू दे, कुणाचं काय जातंय? हा विचार अगदी तुझ्या आवाजात आला, व्हय-न्हाईसकट. मी तुला शिव्या दिल्या. थांबवलं नाही.

परवा फरक शून्य झाला. शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजला आणि माझ्या मोबाइलमध्ये, कंपनीत आणि उरलेल्या जगात एकच वेळ होती. सुरेखाताई गेटवर भेटल्या. "सर, तीनच मिळाली? मंग चौथ्या मिनिटाला येनाऱ्यानं काय करायचं?"

"ताई, सकाळचं एक मिनिट गेलं हे खरं. पण आधी आपण रोज संध्याकाळी चार मिनिटं परत द्यायचो ना? आता द्यायची नाहीत. घड्याळ खरं झालं, तुम्ही आज चार मिनिटं आधी सुटलात."

त्यांनी बोटावर मोजलं. मग डोळे मोठे केले. "आगं बाई! मंजी तीन मिनिटं आपल्याकडंच ऱ्हायली की!" आणि बस पकडायला पळाल्या. धावत नव्हत्या, अक्षरशः उडत होत्या. जमिनीपासून वीतभर वर. मी बघितलं.

ऐकलंस ना, रोहिदास? सकाळची सवलत नियमात, संध्याकाळची परतफेड बंद, घड्याळ माझ्या बापाच्या ट्रान्झिस्टरइतकं खरं, आणि वर तीन मिनिटं नफा. तुझ्या अख्ख्या लबाडीत एकदाही नफा झाला नव्हता, नुसती बरोबरी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी असा मुद्दा आणलाय, की तुझ्याकडे उत्तर नाही.

आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.